गळकी गाडी

मी घाबरट बाई नाही. उभा जन्म आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवलेली बाई घाबरट असून चालतच नाही. वर्गात एकदा धामण निघाली होती, तेव्हासुद्धा मी आधी फळ्यावरचं वाक्य पूर्ण केलं आणि मग पोरांना बाहेर काढलं. पण गेल्या उन्हाळ्यात मला एका गाडीची भीती बसली. भरधाव येणाऱ्या वगैरे नाही, हडपसरला आमच्या रो-हाऊसच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली गुमान उभ्या असलेल्या गाडीची.

गाडी माझ्या सासऱ्यांची. एके काळी रस्त्यावर दोनच तऱ्हेच्या गाड्या दिसायच्या, एक मोठी आणि एक लहान. त्यातली ही लहान. फिकट आकाशी रंग, गोल दिवे, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर आणि पुढे बाकासारखी सलग सीट. मामंजी नारायण पेठेत राहायचे तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी भाड्याच्या शेडमध्ये असे, आणि मामंजी रोज सकाळी तिला आंघोळ घालायला जात. आंघोळ हा त्यांचाच शब्द. दसऱ्याला तर आतूनसुद्धा आंघोळ. चटया बाहेर काढायच्या, बादलीभर पाणी आत ओतायचं, दारं सताड उघडी टाकून गाडी उन्हाला लावायची, मग हळदकुंकू आणि झेंडूचा हार. घरातल्या कुणाचे इतके लाड झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मामंजींना एका गोष्टीचा भयंकर तिटकारा होता. गळणं. नळ गळला की जेवण टाकून उठायचे. छत्री गळली की छत्रीवाल्याचा उद्धार. "आमच्याकडे काही गळत नाही," हे वाक्य ते आल्यागेल्याला ऐकवत, जसं काही कुणी विचारलंच होतं. लग्न झाल्यावर मी याच गाडीतून त्यांच्या घरी निघाले. मागच्या सीटवर मी, शेजारी हे, गाडी चालवायला खुद्द मामंजी. मी रडत होते. चार माणसांत रडून झालेलं असतं, पण गाडी सुरू झाली की खरं रडू येतं, तसं. मामंजींनी आरशातून पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, गाडीत गळायचं नाही हं. सीट नवी आहे."

सगळे हसले. मीही हसले, आणि रडू जागच्या जागी थांबलं. त्यानंतर त्या घरात मी चारचौघांत कधी रडले नाही. मामंजी गेले तेव्हाही नाही. त्यांना आवडलं नसतं.

ते गेल्यावर गाडी आमच्याकडे आली आणि वर्षानुवर्षं ताडपत्री पांघरून पडून राहिली. तिचं नाव निघालं ते मुलीचं लग्न ठरल्यावर. मुलगी आयटीत आहे. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी पोहे खाता खाता म्हणाली, "बाबा, मी सासरी आजोबांच्या गाडीतूनच जाणार. ड्राइव्ह तू करायचं. डन?"

"डन," हे म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दारूगोळ्याच्या कारखान्यात हयात घालवलेला माणूस, आणि ब्रीद काय, तर 'काही होत नाही'. असल्या ठिकाणी काम करणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, असं मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आले आहे. पण लोखंडाला हात सरावलेले होते हे मात्र खरं. ताडपत्री निघाली, इंजिन खोललं गेलं, पोर्चभर ग्रीसचे डाग पडले, माझी जुनी साडी न विचारता फडकी म्हणून फाडली गेली, आणि मार्च संपायच्या आत गाडी सुरू झाली. तिचा तो खोकल्यासारखा आवाज ऐकून मुलगी टाळ्या वाजवत बाहेर आली. रंगही शाबूत होता. पुसल्यावर तर गाडी अशी चमकली की शेजारचे वॉकला निघालेले लोक थांबून फोटो काढू लागले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मी चटई उचलली.

निमित्त साधंच. आत कुबट वास येत होता. ओल्या गोणपाटाचा असतो तसा. म्हटलं, मुलगी शालू नेसून बसणार, जरा पुसून घ्यावं. पुढच्या सीटसमोरची रबरी चटई उचलली, खाली जाड लोकरी नमदा होता, तो उचलायला गेले तर तो पत्र्याला चिकटलेला. ओढला तसे त्याच्याबरोबर तपकिरी पापुद्रे निघाले, पोह्याच्या पापडाचे तुकडे पडावेत तसे. मी बोटाच्या पेराने तिथे वाजवून पाहिलं. आपण कुंभारवाड्यात माठ घेताना वाजवून घेतो ना, तसं, सवयीनेच. दाराजवळ 'टण' आवाज आला. मध्यभागी आला 'थप'.

यांचा स्क्रूड्रायव्हर सीटवर पडलेला होता. तो टेकवला आणि थोडासा जोर दिला. पातं मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा भोकातून खाली पोर्चची फरशी दिसली, आणि फरशीवरून चाललेला एक मुंगळा.

मी चटई परत अंथरली. नीट, कडा जुळवून. घरात जाऊन कुकर लावला. मला वाटलं होतं मी लगेच यांना हाक मारीन, पण मारली नाही. कारण डोळ्यांसमोर आता ही गाडी नव्हतीच, दिवे घाट होता. मुलगी लहान असताना आम्ही दर वर्षी जेजुरीला जायचो, मामंजी गाडी चालवायचे, मी त्यांच्या डाव्या हाताला. मुलगी मांडीवर बसायला तयार नसायची. ती माझ्या पायांपुढे उभी राहायची, समोरची कड दोन्ही हातांनी धरून, आणि प्रत्येक वळणावर टुणटुण उड्या मारायची. बरोब्बर त्याच जागी. तेव्हा पत्रा केवढा उरला होता, कोण जाणे. मी तिला धरलेलंही नसायचं. मी खिडकीतून घाट बघत असायचे.

कधीच न घडलेल्या गोष्टीची इतकी भीती वाटू शकते हे मला त्या दिवशी कळलं. मुलगी तिकडे ऑफिसात धडधाकट बसलेली आणि मी इकडे कुकरसमोर घामाघूम.

जेवणं झाल्यावर सांगितलं. "अहो, गाडीला तळ नाही."

"काहीतरी बोलू नकोस. बाबांनी किती जपली होती ती."

"चला, दाखवते."

यांनी चटई उचलून पाहिलं, बोट घालून पाहिलं, आणि नाडी बघणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाले, "एवढंसं तर आहे. लांबी भरून टाकू."

लांबी म्हणजे रंगारी भिंतीच्या भेगांत लिंपतात तो लगदा. वाळला की घासायचा, वर रंग मारायचा, भेग होती हे कुणाच्या बापाला कळत नाही. माझं डोकंच फिरलं. "लांबी? भिंत आहे का ती? त्याच्यावर पोरगी पाय देणार आहे."

"काही होत नाही गं. वरून दणकट आहे सगळं."

"वरून मीसुद्धा दणकट आहे."

आमचं भांडण हे असं असतं. आवाज कुणाचाच चढत नाही, पण शेजारची बाई दार लावून घेते. शेवटी हे एवढ्यावर आले की, बरं बाई, खालून बघतो, म्हणजे तुझं समाधान होईल. माझं समाधान! जसं काही भोक मी पाडलं होतं. म्हणजे पाडलं मीच होतं, पण तुम्हाला कळलं असेल मला काय म्हणायचं आहे ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरबत घेऊन पोर्चमध्ये गेले तर हे गाडीखाली उताणे. डाव्या बाजूचं मागचं चाक काढून ठेवलेलं, दारांखाली जी लांब पट्टी असते तिला जॅक लावलेला, आणि नुसत्या बनियनवर कंबरेपर्यंत आत शिरलेले. त्या पट्टीला हे बॉक्स म्हणतात. आतून पोकळ असते, आणि सगळ्या गाडीचा भार तिच्यावर असतो म्हणे. मी तिला उंबरठा म्हणते. दाराखाली असतो तो उंबरठाच.

"आणि आधाराला काय लावलंय?" मी विचारलं.

"जॅक आहे ना."

"जॅकशिवाय?"

गाडीखालून आवाज आला, "काही होत नाही."

मी सरबताचा पेला पायरीवर आपटला. काढलेलं चाक भिंतीला टेकवलेलं होतं. ते आडवं पाडून पायाने गाडीखाली सरकवलं. स्टेपनीही डिकीतून काढून बाहेर ठेवलेली होती, ती त्याच्यावर चढवली. साडीला ग्रीस लागलं, कंबरेत लचक भरली.

"अगं, जागा अडवतेस. मला दिसत नाहीये."

"अडवू दे."

"नसती भीती तुझी..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. आवाज मोठा नव्हता. जुनं धोतर फाटावं तेवढाच. जॅकचं डोकं उंबरठ्यात आत घुसलं, पत्रा त्याच्याभोवती चुरगळला, आणि गाडी खाली आली. डोळ्यांदेखत आली. मग मी सरकवलेल्या चाकांवर टेकली आणि थांबली.

बाहेर आलेले त्यांचे दोन पाय दिसत होते, ते हलत नव्हते. मी गुडघ्यांवर बसले, "अहो" म्हणाले, पण तो आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. मग पाय हलले. टाचा रेटत रेटत ते बाहेर सरकू लागले, पोट आलं, छाती आली, आणि चेहरा आला तो लालभडक. कपाळावरून, मिशीवरून, गळ्यावरून लाल ओघळ, बनियन लाल. मी पदराने पुसायला गेले. पदर लाल. नाकाशी वास आला तो लोखंडाचा, आणि रक्तालाही तोच वास असतो हे वर्गात मीच शिकवलेलं, त्यामुळे मला दुसरं काही सुचेना. मी कुठे लागलंय ते शोधत राहिले. डोकं चाचपलं, कान चाचपले, मान चाचपली.

"अगं, पाणी आहे," हे म्हणाले.

"काय?"

"पाणी. वरून आलं."

फाटलेल्या उंबरठ्यातून अजून धार लागली होती. कोऱ्या चहाच्या रंगाची, बारीक, बिनघाईची. एप्रिल महिना, तळपतं ऊन, गाडीवर कित्येक दिवसांत थेंब पडलेला नाही, आणि तिच्या पोटातून पाणी निघत होतं. आम्ही दोघं फरशीवर बसून बघत राहिलो. ते वाचले हे डोक्यात शिरायला वेळ लागला, आणि शिरलं तेव्हा मी त्यांच्या दंडावर एक चापट मारली. जोरात.

थोड्या वेळाने त्यांनी वाकून उंबरठ्याच्या खालच्या बाजूला हात फिरवला. मग टॉर्च मागितला. मला म्हणाले, "हे बघ," आणि आवाजात चक्क कौतुक होतं, "बाबांनी एक भोक सोडलेलं नाही."

खालच्या कडेला ओळीने गोल गोल पांढुरके डाग होते. लांबीचे. प्रत्येक भोक नीट बुजवलेलं, वरून अंगठ्याने गुळगुळीत केलेलं. आणि मला लख्ख आठवलं. नारायण पेठेतल्या त्या शेडमध्ये मामंजी गोणपाटावर आडवे झालेले, हातात लांबीची सुरी, आंघोळीनंतर गाडीखाली पडणाऱ्या प्रत्येक थेंबाच्या मागावर. बाहेर आले तेव्हा अंगभर धूळ आणि चेहऱ्यावर समाधान. मला म्हणाले होते, "आता थेंब पडायचा नाही, सूनबाई. ठार गळत होती."

मी यांना विचारलं, "ही भोकं गंजून पडलेली होती का हो?"

"नाही. सारख्या मापाची आहेत. कंपनीनेच..."

आणि ते थांबले. हातातला टॉर्च तसाच. कंपनीने सारख्या मापाची भोकं, ओळीने, सगळ्यात खालच्या जागी कशाला ठेवली असतील, हे कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला मी काय समजावणार. पाणी आत जाणारच. ते बाहेर पडायला वाट ठेवली होती. मामंजींना ती गळती वाटली. आणि मग रोजची आंघोळ, दसऱ्याची आतली आंघोळ, सगळं त्या पेटीत जाऊन बसलं, थोडी हवा, थोडं पाणी. दर वर्षी मी परीक्षानळीत खिळा टाकून वर्गाला हेच तर दाखवत आले. आणि सुट्टी लागली की मुलीला घेऊन त्याच नळीवर बसून जेजुरीला जात आले.

यांनी स्क्रूड्रायव्हरने दुसऱ्या बाजूच्या उंबरठ्यातली लांबीची एक गोळी उकरली. तिथूनही धार लागली. ते उठले, बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दुपारी जेवले नाहीत. मी 'काही होत नाही' ऐकायला कान टवकारून बसले होते. एरवी ज्या वाक्याने माझं टाळकं सटकतं, ते त्या दिवशी आलं असतं तर बरं वाटलं असतं. आलं नाही. त्यामुळे मी जास्तच घाबरले.

संध्याकाळी मुलगी ऑफिसातून आली. एका बाजूला कललेली गाडी, फरशीवर वाळलेले तांबडे डाग, दोन टोकांना आम्ही दोघं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग बाबांना काही न विचारता माझ्याकडे वळली.

"आई, एक सांग. तू बसशील त्यात?"

यांच्या तोंडावर, त्यांच्या वडिलांच्या गाडीबद्दल. एरवी मी काहीतरी टोला मारून वेळ मारून नेली असती. पण टाळता आलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "मी बसणार नाही आणि तुलाही बसू देणार नाही. मला भीती वाटते. तू जिथे उड्या मारायचीस ना, तिथे बोट आरपार जातं."

तिने फोन हातात घेतला. मग खांदे उडवले. "ओके. कॅब करू. नो ड्रामा." पण तिचे डोळे भरले होते आणि ती फोनमध्ये बघायला लागली.

हे उठले. मला वाटलं बाहेर जातील. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सगळा तळ कापतो. दोन्ही बाजूंचे बॉक्स कापतो. कोरा पत्रा टाकतो. लांबी चिमूटभर वापरणार नाही. झाल्यावर वाजवून तू बघायचं. तू 'हो' म्हणालीस तर गाडी, 'नाही' म्हणालीस तर कॅब. मी मध्ये बोलणार नाही."

याला म्हणतात गळ्यात घोंगडं पडणं. आतापर्यंत मला नुसती भीती वाटत होती, आता तिची जबाबदारीही माझी झाली. उद्या माझा कान चुकला तर?

मग आमच्या पोर्चचा कारखाना झाला. यांचा एक जुना सहकारी वेल्डिंगचं सामान घेऊन यायचा, तोही निवृत्तच, दोघं मिळून कापायचे, जोडायचे, चहा प्यायचे, पुन्हा कापायचे. आधी गाडी भक्कम घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, चढवली, आणि त्या घोड्यांखाली मी रोज स्वतः वाकून बघितल्याशिवाय कुणी आत शिरायचं नाही असा फतवा काढला. दोघांनी तो मुकाट पाळला. तळ कापून काढला तेव्हा सीटखालून थेट जमीन दिसू लागली. ते बघून मला पुन्हा दिवे घाट आठवला आणि मी आत जाऊन पाणी प्यायले. पत्रिका वाटायच्या होत्या, साड्यांना फॉल लावायचे होते, केळवणं चालली होती, आणि मी जाईन तिथे वाजवत सुटले होते. कुणाचं टेबल, कुणाचं दार. विहीणबाईंच्या घरी त्यांचं पिंप वाजवलं. त्या म्हणाल्या, "नवीनच आहे हो." मी म्हटलं, "कळतंय ना."

तळ तयार झाला. आत गंज न चढणारा रंग, त्यावर मेणकट तेल, आणि खाली ओळीने भोकं. उघडी. यांनी मला बोलावलं आणि स्वतः पायरीवर जाऊन बसले, हात गुडघ्यांवर. मी पुढून सुरुवात केली. टण. टण. दाराशी, उंबरठ्याला, जिथे ती उभी राहायची तिथे. टण. मी तिथे दोन्ही पाय ठेवून उभी राहिले, आणि कुणी बघत नाही असं पाहून छोटीशी उडीही मारली. मग मागे गेले. मागच्या सीटच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे सीटचा बोल्ट बसतो, तिथे आवाज जरा बसका आला.

लग्न तोंडावर होतं. पाहुणे यायला लागले होते. मी पुन्हा वाजवलं. थप नव्हता, पण टणही नव्हता. एका कोपऱ्यासाठी आता यांना कापायला लावायचं? काही होत नाही, असं माझ्याच मनात आलं, अगदी यांच्या आवाजात. तेव्हा मात्र मी खरी घाबरले.

"इथे नाही," मी म्हणाले.

हे पायरीवरून उठले. सीट काढली, कोपरा घासला, आणि रंगाखाली बोटभर गंज निघाला, वरून दिसत नसलेला. पुन्हा कापाकापी. पुन्हा वेल्डिंग. पुन्हा मी वाजवलं, आणि या वेळी "हो" म्हणाले.

लग्न पार पडलं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. मला आठवतं ते कार्यालयाचं अंगण. हार घातलेली गाडी दारात उभी, सकाळीच यांनी तिला मामंजींच्या पद्धतीने आंघोळ घातलेली. मुलगी शालू सावरत आली, जावई मागे. आणि जावयाच्या मामांनी वाकून पाहिलं. सारवलेल्या अंगणात गाडीखाली थेंबांची एक सरळ ओळ पडत होती. टप, टप.

"अहो, तुमची गाडी गळतीये वाटतं," मामा म्हणाले.

"हो," हे म्हणाले. "गळायलाच पाहिजे."

मामांना वाटलं पुणेरी तिरकसपणा आहे, ते हसले. मी हसू शकले नाही. मुलीने पाय उचलला होता, आता तो आत टेकणार होता, आणि माझे कान त्या पायाशी गोळा झाले होते. मला राहवलं नाही. पैठणी नेसून, नाकात नथ, सगळ्या वऱ्हाडासमोर मी खाली वाकले आणि उंबरठा वाजवला.

"टण?" मुलीने विचारलं.

"टण," मी म्हणाले.

ती आत बसली. जावई बसले. दार लागलं. हे स्टिअरिंगवर जाऊन बसले, इंजिन खोकलं, आणि तिथवर ठणठणीत उभी असलेली मी कोसळले. हुंदके आवरेनात. गाडीची भीती, घाटाची भीती, ते दोन न हलणारे पाय, पोरगी चालली ते, आणि माझं स्वतःचं त्या मागच्या सीटवर अर्धवट राहिलेलं रडणं, सगळं एकदम आलं. नथ ओली झाली. माझ्या जाऊबाईंनी मला धरलं आणि म्हणाल्या, "अगं, पुरे आता. हसून निरोप दे. शोभत नाही असं."

यांनी काच खाली केली. आमच्या लग्नाच्या दिवशी हे याच गाडीत, माझ्या शेजारी बसलेले होते. त्या दिवशी सगळ्यांबरोबर हसलेही होते.

"वहिनी," हे म्हणाले, "गळू दे तिला."

आणि गाडी निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचे थेंब रस्त्यावर दिसत होते.